साखरेचा आठवडा, औषधाचा आठवडा

माझी पोरगी चालायला शिकलीच नाही. उभी राहिली ती एकदम पळायलाच लागली. आमच्या आळीतल्या प्रत्येक घरानं तिला कधी ना कधी बखोटीला धरून माझ्या अंगणात आणून सोडलं होतं. "घे वं बाई, सांभाळ आपली पोट्टी," एवढं म्हणून बाया परत फिरायच्या. कोणाच्या दुधाच्या गंजात हात घातलेला असायचा, कोणाची कोंबडी खुराड्यातून सोडून दिलेली असायची. वाईटपणा तिच्यात कणभर नव्हता. कोंबडी का सोडली विचारलं तर म्हणायची, "ते माह्याकडे पाहून राह्यली होती."

आमचं गाव इंझोरीपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. दुष्काळाचं वर्ष नुकतंच सरलं होतं. थोडी स्वतःची कोरडवाहू जमीन होती, पण ती पोटाला पुरत नव्हती, म्हणून मी आणि सासूबाई दोघीही दुसऱ्यांच्या वावरात निंदणाला, वेचणीला जायचो. नवरा वाशीमला एका कचेरीत शिपाई होता. शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचा. पोरगी त्याच्यासमोर दीड दिवस नाचायची आणि तो खूश होऊन म्हणायचा, "बाप्पा, काय चलाख हाय!" उरलेले दिवस ती चलाखी माझ्या वाट्याला यायची.

वावरात नेलं की आम्ही तिला बांधायचो. लपवण्यासारखं त्यात काही नाही, तेव्हा सगळ्याच मजूर बाया तसंच करायच्या. झाडाच्या बुंध्याला दोरी, दुसरं टोक लेकराच्या कमरेला, सावलीत एक फडकं आणि भाकरीचा तुकडा. विहिरीवर कठडे नसत, सापकिरडू असे. बाकीची लेकरं थोडा वेळ रडून झोपी जायची. माझी झोपायची नाही. झाडाभोवती फिरून फिरून दोरी पार संपवायची आणि बुंध्याला गाल लावून उभी राहायची. तिला सोडवताना कमरेवरचा लाल वळ दिसला की माझ्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं.

दुसरा उपाय होता बाळगोळी. ज्वारीच्या दाण्याएवढी काळी गोळी, तिच्यात अफू असायची. सकाळी दुधात उगाळून पाजली की लेकरू दिवसभर बांधावर पडून राहायचं आणि मायची रोजी बुडायची नाही. माझा नवरा, त्याचे भाऊ, बहीण, सगळे या गोळीवर वाढलेले. सासूबाईंनी मला कितीदा तरी सुचवलं. शेवटी मी एक दिवस विळा खाली टाकून त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "आत्याबाई, तिले गोळी द्याची नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगा." त्यांनी हात ठेवला. "नाही देत बाप्पा. तुई पोट्टी, तुई मर्जी." सासूबाई तोंडाच्या फटकळ होत्या, पण दिलेला शब्द मोडणाऱ्या नव्हत्या.

माझा हट्ट कशापायी होता तेही सांगते. माझ्या माहेरी शाळेची पायरी चढलेली पहिली मुलगी मी. सातवीपर्यंत शिकले, मग लग्न झालं आणि पुस्तकं धाकट्या भावाकडे गेली. त्याचा राग माझ्या अंगात अजून आहे आणि तो जावा असं मला वाटतही नाही. माझ्या पोरीचं मी ठरवून टाकलं होतं. ती शाळेत बसली पाहिजे. जागी बसली पाहिजे आणि मोकळी बसली पाहिजे. बांधून नाही, झोपवूनही नाही. पुढं तिनं काय व्हायचं ते तिचं तिनं बघावं.

त्याच साली आमच्या वस्तीतल्या विहारात बालवाडी सुरू झाली. लेकरांना गाणी, गोष्टी, मण्यांच्या माळा आणि दुपारी वाटीभर सुकडी. मला वाटलं, सुटलो. पोरीला अंघोळ घातली, केसांना तेल चोपडलं आणि नेऊन बसवलं. पहिल्या आठवड्यातच तिनं सुकडीचं पातेलं उलटवलं, दुसऱ्या पोरांच्या माळा तोडल्या, आणि गोष्ट चालू असताना दाराची कडी काढून सडकेवर पळाली. समोरून एस.टी. येत होती. ड्रायव्हरनं गाडी थांबवली म्हणून पोरगी वाचली. तो खाली उतरला आणि त्यानं बालवाडीच्या बाईंना जे सुनावलं ते साऱ्या वस्तीनं ऐकलं.

संध्याकाळी बाई माझ्या घरी आल्या. चांगली बाई होती, रडवेली झाली होती. म्हणाली, "मी एकटी हावो ताई. एवढी सारी लेकरं. हिच्यामांगं पयतो तर बाकीचे कोणी पाहावं? हिले घरीच ठेवा. उद्या काही झालं तं मी काय तोंड दाखवू?" तिचं खरं होतं. म्हणूनच मला तिचा फार राग आला. मी चहा टाकला, तिला पाजला, आणि ती गेल्यावर भांडी इतकी आपटली की सासूबाई म्हणाल्या, "परात फुटली तं नवी कोण आणीन?"

नवऱ्याच्या कचेरीतल्या साहेबांनी एका डॉक्टरांचं नाव सांगितलं होतं. वाशीमचेच, पण पुष्कळ वर्षं मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात मुलांवर उपचार करून आता गावी परतलेले. मंगरूळपीरला गाडी बदलून मी पोरीला घेऊन गेले. तिथं पोचेपर्यंत तिनं गाडीतल्या एका म्हाताऱ्याचं पागोटं सोडवलं होतं.

डॉक्टरांच्या खोलीत गेल्या गेल्या ती वजनकाट्यावर चढली, उतरली, टेबलाचा खण उघडला, त्यातली बॅटरी काढून स्वतःच्या तोंडात उजेड पाडला. मी तिला धपाटा घालायला हात उचलला, तर डॉक्टर म्हणाले, "राहू द्या. मला पाहू द्या." बराच वेळ ते नुसते पाहत राहिले. मग त्यांनी मला विचारलं तसं आजवर कोणी विचारलं नव्हतं. झोपते किती, बोलायला कधी लागली, पडली होती का, फिट आली होती का, हाक मारली की वळते का, गोष्ट सांगताना कितव्या वाक्याला उठते. शेवटी म्हणाले, "बाई, तुमची मुलगी वेडी नाही आणि वाया गेलेलीही नाही. तिची बुद्धी चांगली आहे. तिला थांबता येत नाही, इतकंच. सायकल उत्तम आहे, ब्रेक लागत नाही."

त्या दुखण्याचं त्यांनी इंग्रजी नाव सांगितलं, ते मला तेव्हा उच्चारताही आलं नाही. मग म्हणाले की यावर एक गोळी आहे. मोठ्या माणसाला दिली तर झोप उडते, अशा मुलांना दिली तर ती शांत होतात. मी म्हटलं, "झोपवते का?" ते म्हणाले, "नाही. जागं ठेवून शांत करते. निदान शाळेत जाणाऱ्या मुलांत तरी मी तसं पाहिलंय."

"अन् हिच्याएवढ्या लेकरात?"

डॉक्टर गप्प झाले. त्यांच्या त्या गप्प होण्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. म्हणाले, "एवढ्या लहान मुलांवर ही गोळी नीट तपासलेली मला ठाऊक नाही. फायदा होईल की त्रास होईल, मला सांगता येणार नाही. मी खोटं बोलणार नाही तुमच्याशी. तुमची तयारी असेल तर आपण अगदी थोड्यापासून तपासून पाहू. नसेल तर तसं सांगा, मी रागावणार नाही."

तपासायची त्यांची पद्धत मला आधी थट्टाच वाटली. गोळी कुटून साखरेत मिसळून पुड्या करायच्या. पण काही आठवड्यांच्या पुड्यांत औषध असणार आणि काहींत नुसती साखर. कोणता आठवडा कशाचा, ते फक्त डॉक्टरांना माहीत. मी म्हटलं, "साहेब, मी एवढ्या दूरून साखर न्याले आली का?" ते हसले. म्हणाले, "बाई, पोर सुधारावी अशी तुमची इच्छा आहे. औषध दिलंय हे कळलं की तुम्हाला ती सुधारलेलीच दिसेल. सगळ्या आयांना दिसते. म्हणून तुमचे डोळे मला कोरे हवेत." थोडा वेळ लागला, पण मला ते पटलं. आमच्याकडे अंगारा लावला की ताप उतरला असं सांगणाऱ्या बाया मी काय कमी पाहिल्या होत्या?

मी घरी येऊन बालवाडीच्या बाईंचे पाय धरले नाहीत, पण बाकी सगळं केलं. तिला म्हटलं, औषध चालू आहे, थोडे दिवस घेऊन पाहा, सकाळी दाराशी कोणी ना कोणी बसेल. ती कबूल झाली. सकाळी मी पुडी मधात कालवून पाजायची आणि वावरात जायची. सासूबाईंनी त्या दिवसांत कामाला जाणं बंद केलं. सकाळी विहाराच्या दाराशी बसायचं आणि दुपारी पोरीला घरी आणून सांभाळायचं हे काम त्यांनी अंगावर घेतलं. संध्याकाळी मी त्यांना आणि बाईंना विचारायची: आज गोष्ट ऐकली का, जेवली का, दाराकडे पळाली का?

काही आठवडे पोरगी नेहमीसारखीच भिंगरी. काही आठवड्यांत मात्र मी संध्याकाळी घरी यायची तेव्हा ती मलूल पडलेली असायची. डोळे अर्धवट मिटलेले, मान खाली. बाळगोळी प्यालेल्या लेकरासारखी. बाई सांगायच्या, विहारातही पेंगते. मला ते पाहवेना. पण डॉक्टरांना शब्द दिला होता, म्हणून मन घट्ट करून पूर्ण मुदत काढली आणि वाशीमला गेले.

मी सांगितलं ते डॉक्टरांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला. "ज्या आठवड्यांत मलूल होती ते औषधाचेच आठवडे," ते म्हणाले. "विचित्र आहे. या गोळीनं झोप यायला नको. पण लहान मूल आहे, काय सांगावं? आपण थांबू या, बाई. मला धोका घ्यायचा नाही."

बाहेर बाकावर पोरगी माझ्या मांडीवर चढत-उतरत होती आणि मी नुसती बसून होते. सगळं संपलं होतं. आता दोरी, नाहीतर बाळगोळी, आणि पुढं शाळेचं नाव घ्यायचं नाही. पण माझ्या डोक्यात एक गोष्ट टोचत होती. मधल्या एका आठवड्यात सासूबाई कामरगावला नणंदेकडे बाळंतपणाला गेल्या होत्या आणि मी वावर बुडवून घरी राहिले होते. त्या आठवड्यात पोरगी मलूल नव्हती. टक्क जागी होती. जेवली नव्हती धड, ओठ कोरडे पडले होते, पण दाराशी बसून तिनं तुरीतले खडे निवडले होते. एकटीनं, सूप संपेपर्यंत! मी उठून सरळ आत गेले. दुसरा पेशंट बसला होता, त्याची पर्वा न करता विचारलं, "साहेब, तो आठवडा औषधाचा होता का साखरेचा?"

त्यांनी आठवून सांगितलं, "औषधाचा."

मी म्हटलं, "मंग थांबवू नोका. मी पुढच्या बाजारी येतो."

गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत माझं डोकं तापत गेलं. घरी पाय ठेवल्या ठेवल्या मी विचारलं, "आत्याबाई, तुमी तिले काय पाजता दिवसभर?"

सासूबाई तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "काय पाजतो? बोंडाचं पाणी. इहाराच्या दाराशी बी तांब्या नेतो ना."

खसखशीची सुकलेली बोंडं. आठवडी बाजारात काष्ठौषधीवाल्याकडे मिळायची. तीच बोंडं ज्यांच्यातून अफू निघते. उकळून त्याचं पाणी प्यायचं, अंगातली उष्णता जाते म्हणून.

"तुमी डोक्यावर हात ठेवला होता!" मी ओरडले. शेजारच्या बाया कुडावरून डोकावल्या.

"मंग? मी गोळी देली का?" आता त्यांचाही आवाज चढला. "गोळी येगळी, बोंड येगळं. बोंड थंड असते. तुह्या डॉक्टरचं औषध गरम हाय, तुले दिसत नाही? ज्या दिवशी त्याची गरमी चढते त्या दिवशी पोट्टी जेवत नाही, ओठ वायतात, डोये कसे टकटक करते. माह्यानं पाहवत नाही. म्हून थंड देतो. जेवली तं मी कायले देऊ?"

मी खाली बसले. राग कुठं ठेवावा ते कळेना. औषध आहे की साखर हे मला कळू नये म्हणून डॉक्टरांनी एवढी खबरदारी घेतली होती. आणि सासूबाई पोरीच्या ओठांवरून ते रोज ओळखत होत्या आणि नेमक्या औषधाच्या दिवशीच त्यावर उतारा देत होत्या. त्यांनी शब्दही मोडला नव्हता. गरम औषधावर थंड काहीतरी देणं म्हणजे त्यांच्या लेखी सांडलेलं पाणी पुसण्याइतकं साधं काम होतं. कोणी सांगायची, विचारायची गरजच नव्हती. आमच्या गावातली कोणतीही आजी तेच करती.

आमचं दोघींचं त्या दिवशी कडाक्याचं भांडण झालं. मी नाही नाही ते बोलले, त्यांनीही माझं माहेर काढलं. पण भांडून दमल्यावर मी त्यांना समजावलं की बोंड आणि गोळी एकाच झाडाची. त्यांनी तांदळाचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "तं मंग मी माह्या साऱ्या लेकराइले दोन्ही पाजलं." त्यांचा चेहरा पाहून माझा राग ओसरला. बोंडांचा पुडका त्यांनी स्वतः उकिरड्यावर नेऊन टाकला.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी डॉक्टरांसमोर उभी राहिले. सगळं सांगितलं. ते आधी चिडले, मग खो खो हसले, मग कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "आता पुन्हा करा. पह्यल्यापासून." ते का-कू करू लागले. पोरीला पुन्हा त्रास, पुन्हा तेवढे आठवडे, शिवाय माझी रोजी. मी म्हटलं, "साहेब, औषध वाईट असन तं वाईट म्हना. पन बोंडाच्या पान्यावरून नोका म्हनू. मले खरं काय ते पाह्यजे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कंपाउंडरला पुड्या बांधायला सांगितल्या.

दुसऱ्या खेपेला मी, सासूबाई आणि बालवाडीच्या बाई, आम्ही तिघीही राखण करणाऱ्यांसारख्या वागलो. सासूबाई पाण्याशिवाय काही देत नव्हत्या. ओठ वाळले की माझ्याकडे रागानं बघायच्या आणि पोरीला मांडीवर घेऊन बसायच्या. मी बरेच दिवस वावर सोडून विहाराच्या दाराशी बसले. नवऱ्यानं एक-दोनदा कुरकुर केली, मग त्यानंच वाशीमहून येताना पोरीसाठी खेळायला लाकडी ठोकळे आणले.

आणि औषधानं काम केलं. त्यात शंका उरली नाही. डॉक्टरांनी नंतर औषधाचे म्हणून सांगितले त्या आठवड्यांत माझी पोरगी बालवाडीत बसली. मणी ओवले. गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. एस.टी.चा आवाज आला तरी तिनं फक्त मान वळवली. बाईंनी मला हाक मारून दाखवलं, "ताई, पाहा ना!" मी खांबाआड उभी राहून पदर तोंडात कोंबून रडले. सुखानंच रडले.

पण मी कोरे डोळे द्यायचं कबूल केलं होतं, तेव्हा बाकीचंही दिसत होतं. त्याच आठवड्यांत ती दुपारी घास घ्यायची नाही. पाठीच्या बरगड्या मोजता याव्यात अशी वाळली. बसल्या बसल्या नखाजवळची कातडी सोलायची, रक्त यायचं तरी थांबायची नाही. पुडीचा जोर उतरला की संध्याकाळी कारण नसताना रडत बसायची. आणि मला एकही प्रश्न विचारायची नाही. कोंबडी आपल्याकडे पाहते म्हणून तिला सोडून देणारी पोर भिंतीकडे बघत बसायची. मी जवळ घेऊन विचारलं, "काय होते वं तुले?" ती म्हणाली, "पोट." मी पोट चोळलं. ती म्हणाली, "पोट नाही." मग काय, ते तिला सांगता येईना. ती चार वर्षांची होती. तिच्या आत काय चाललंय त्याला तिच्याकडे शब्द नव्हते.

डॉक्टरांनी औषध कमी करून पाहिलं. त्रास कमी झाला, फायदाही कमी झाला. शेवटी एका दुपारी त्यांनी सगळं माझ्यासमोर मांडलं. म्हणाले, "औषध लागू पडतं, हे तुमच्या हट्टामुळे कळलं. पण या वयात त्याची किंमत जास्त आहे असं दिसतं. चालू ठेवायचं तर मी देईन, दर महिन्याला वजन करू. निर्णय तुमचा."

एवढी यातायात करून मी ज्याच्यासाठी आले होते ते समोर होतं. हो म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून पोरगी बालवाडीत बसली असती. मी पोरीकडे पाहिलं. ती वजनकाट्यावर चढून काटा हलवत होती. हा आठवडा साखरेचा, हे मला कोणी सांगायला नको होतं.

मी म्हटलं, "आता नोको साहेब. जिच्या आंगात औषध जाते तिले काय होते ते तिले सांगता आलं पाह्यजे. तिले सांगता येईन तवा पुन्हा येतो. तवर तिच्यामांगं पयाले मी हावो."

आणि मी पळाले. बालवाडीत मदतनीस बाई हवी होती, पगार नावापुरता. मजुरीपेक्षा कितीतरी कमी. मी ती जागा घेतली. नवरा म्हणाला, "तुले याड लागलं." मी म्हटलं, "लागू दे." गोष्ट सुरू व्हायच्या आधी मी सगळ्याच पोरांना विहाराभोवती पळवायची, माझ्यासकट. दमली की बसायची. माझी पोरगी सगळ्यात शेवटी बसायची, आणि सगळ्यात आधी उठायची, मग मी तिला पाणी वाटायला लावायची, सुकडीच्या वाट्या मांडायला लावायची, घंटा वाजवायला लावायची. काही दिवस निभायचे, काही दिवस नाकी नऊ यायचे. कडी मी वर, माझ्या हाताला पोचेल अशी ठोकून घेतली. पहिलीत मास्तरांनी तिला दोनदा घरी पाठवलं आणि दोन्ही वेळा मी तिला हाताला धरून परत नेऊन वर्गात बसवलं आणि व्हरांड्यात ठाण मांडलं. मास्तर म्हणाले, "शाळा तुमची हाय का?" मी म्हटलं, "हो, हायेच."

ती दुसरीत गेली तेव्हा लिहायला-वाचायला येत होतं, पण पाटीवरचं एक गणित पूर्ण व्हायचं नाही. मग आम्ही पुन्हा वाशीमला गेलो. डॉक्टरांचे केस पांढरे झाले होते. पुन्हा पुड्या, पुन्हा कधी साखर, कधी औषध. या वेळी ती जेवत होती. नखाजवळची कातडी सोलत नव्हती. संध्याकाळची रडत नव्हती. सासूबाईंनी ओठ पाहिले आणि म्हणाल्या, "आता गरमी पचते तिले."

मुदत संपल्यावर आम्ही डॉक्टरांसमोर बसलो आणि कोणता आठवडा कशाचा होता ते त्यांनी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारायला तोंड उघडलं, मी पोरीकडे बोट केलं. तेव्हा त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"सांग, औषधाच्या दिवशी काय होतं?"

पोरगी स्टुलावर पाय हलवत होती. ती विचार करत होती, आणि मी तिला विचार करताना पहिल्यांदाच इतका वेळ पाहत होते. मग म्हणाली, "मास्तरचं आयकू येते."

"आणि औषध नसतं तेव्हा येत नाही?"

"येते. पन तवा चिमन्याइचं बी येते. सडकीवरच्या बैलाइच्या घंट्याचं बी. मांगच्या पोट्ट्याच्या पेन्सिलीचं बी. साऱ्याइचंच येते."

इतकी वर्षं मी तिच्यामागे पळत होते आणि ती कशाच्या मागे पळत होती ते मला आत्ता कळत होतं.

"मग काय करू या आपण?" डॉक्टरांनी तिला विचारलं. "औषध द्यायचं का?"

"शाळेच्या दिवशी द्या," ती म्हणाली. "आयतवारी नोको. आयतवारी मले सारं आयकाचं हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मले कायले इचारता साहेब? तिनं सांगतलं ना."